वीतभर अंतराचा इतिहास

मराठी माणसाच्या पोटाची सगळी कुंडली त्याच्या भाषेत सापडते. 'जळजळतंय', 'करपट ढेकर येतायत', 'पित्त खवळलंय', 'जेवण अगदी घशाशी आलं' ही वाक्यं आपल्या घराघरात रोज बोलली जातात. दुसरीकडे घशाची भाषा आहे. 'आवाज बसलाय', 'घसा धरलाय', 'सारखं खाकरावं लागतं', 'घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय'. गंमत अशी, की या दोन भाषा एकमेकींशी कधीच बोलत नाहीत. 'घशाशी आलं' असं म्हणताना ते घशात आल्यावर पुढे काय करतं, हा प्रश्न आपण विचारत नाही. आणि पित्तामुळे आवाज बसला असं म्हणणारी आजी निदान मला तरी भेटलेली नाही.

पण यात आजीचा काही दोष नाही. खुद्द वैद्यकशास्त्राला हे दोन टोकांचे दुवे जोडायला १९६८ साल उजाडावं लागलं. जठर आणि स्वरयंत्र यांच्यामध्ये असते ती अन्ननलिका. तिची लांबी साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर! हे वीतभर अंतर पार करायला माणसाच्या बुद्धीला इतकी वर्षं का लागली, त्याची ही गोष्ट.

मी डॉक्टर नाही, पेशाने कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. दोन वर्षांपूर्वी घशाच्या तपासणीचा एक रिपोर्ट हातात आला आणि त्यावर 'लॅरिंगोफॅरिंजिअल रिफ्लक्स' असं लांबलचक नाव होतं. सॉफ्टवेअरवाल्याची खोड अशी, की एरर मेसेज दिसला की त्याचा लॉग उकरायचा. तसंच हे उकरणं सुरू झालं आणि हाती लागला तो एक छान इतिहास.

एकाच ग्रंथातली दोन प्रकरणं

सुरुवात आपल्या घरापासून करू. आयुर्वेदात 'माधवनिदान' हा रोगनिदानाचा मान्यवर ग्रंथ आहे. त्याच्या तेराव्या प्रकरणात 'स्वरभेद' म्हणजे आवाजाचे विकार येतात, आणि एक्कावन्नाव्या प्रकरणात 'अम्लपित्त'. अम्लपित्ताच्या लक्षणांत अपचन, कडू-आंबट ढेकरा यांच्याबरोबर छाती आणि कंठ यांची जळजळ स्पष्ट सांगितलेली आहे. म्हणजे पोटातली गोष्ट घशापर्यंत पोचते, हे निरीक्षण आपल्या वैद्यांनी केलेलं होतं.

उलट बाजूने पाहिलं तर सुश्रुतसंहितेत स्वरभेदाचे सहा प्रकार दिले आहेत. त्यातला एक प्रकार पित्तामुळे होणारा, ज्यात बोलताना घशात आग होते. कारणांमध्ये फार मोठ्याने बोलणं, मोठ्याने पाठ म्हणणं, मार लागणं हेही आहे. (ऑनसाइट कॉलवर तासन् तास बोलणारे आपण सगळे पहिल्या कारणात मोडतो!)

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. आयुर्वेदातलं 'पित्त' म्हणजे जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल नव्हे. ती एक वेगळी आणि बरीच व्यापक कल्पना आहे. तेव्हा 'आमच्याकडे हे सगळं आधीच होतं' अशी उडी मारणं बरोबर नाही. पण अम्लपित्तात कंठदाह आणि स्वरभेदात पित्त अशा दोन्ही बाजूंनी लोक एकमेकांच्या अगदी जवळ आले होते, एवढं मात्र प्रामाणिकपणे म्हणता येतं. पुढे 'योगरत्नाकर' या ग्रंथातला सूतशेखर मराठी घरांत पित्तावरचं हुकमी औषध म्हणून रुजला. पण तो द्यायचा तो पोटासाठी. घशासाठी ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध. कपाट एकच, खण वेगळे.

गाण्याच्या मास्तरांचा आरसा

स्वरयंत्राचा त्रास कशामुळे होतो हे कळायचं, तर आधी ते दिसायला हवं. जिवंत माणसाचं स्वरयंत्र पाहण्याची सोपी युक्ती शोधली ती कुणा डॉक्टरने नव्हे, तर एका गाण्याच्या मास्तरांनी. मॅन्युएल गार्सिया हे मूळचे स्पॅनिश. पॅरिस आणि लंडनमध्ये गाणं शिकवत. १८५४ साली पॅरिसमध्ये त्यांनी दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःच्या स्वरतंतूंची उघडझाप स्वतःच पाहिली. १८५५ मध्ये त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सादर झाला. नंतर व्हिएन्नाचे ट्युर्क आणि बुडापेस्टचे चेर्माक या डॉक्टरांनी हाच आरसा दवाखान्यात आणला आणि घशाचं स्वतंत्र शास्त्र उभं राहिलं. गार्सिया १९०५ मध्ये शंभर वर्षांचे झाले, तेव्हा जगभरच्या घशाच्या डॉक्टरांनी लंडनमध्ये त्यांचा सत्कार केला. आपल्याकडे १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं आणि रात्र रात्र गाणाऱ्या नटांची परंपरा सुरू झाली. त्यांचे घसे ज्या आरशाने तपासता आले असते, तो तोवर पंचवीस वर्षांचा झाला होता.

पण आरसा असला म्हणजे निदान बरोबर येतं असं नाही. त्याचं सर्वांत दुःखद उदाहरण जर्मनीचा युवराज फ्रेडरिक. १८८७ च्या जानेवारीत त्याचा आवाज घोगरा झाला. जर्मन डॉक्टरांना कॅन्सरची शंका आली, शस्त्रक्रिया ठरली. त्याआधी लंडनहून त्या काळचे नामांकित घशाचे डॉक्टर मॉरेल मॅकेन्झी यांना बोलावलं गेलं. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. तपासणारे होते रुडॉल्फ फिर्खो, म्हणजे त्या शास्त्राचे पितामहच. त्यांना तुकड्यात कॅन्सर दिसला नाही, शस्त्रक्रिया रद्द झाली. प्रत्यक्षात तो कॅन्सरच होता. फ्रेडरिक सम्राट झाला तो आवाज गमावलेल्या अवस्थेत, आणि अवघे ९९ दिवस राज्य करून १५ जून १८८८ रोजी गेला. बसलेला आवाज ही किरकोळ गोष्ट नसू शकते, हे तेव्हापासून डॉक्टर विसरलेले नाहीत. आपणही विसरू नये. का, ते पुढे येईलच.

खालच्या मजल्यावरचे शोध

दरम्यान खालच्या मजल्यावर, म्हणजे जठरात, वेगळीच माणसं काम करत होती. जठरातलं आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे इंग्लंडच्या विल्यम प्राउट यांनी १८२३-२४ मध्ये दाखवलं. साधारण त्याच सुमारास, १८२२ साली, अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलंच नाही. विल्यम बोमॉन्ट या लष्करी डॉक्टरने त्या 'खिडकीतून' पचन कसं चालतं ते वर्षानुवर्षं पाहिलं आणि १८३३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १८३६ साली थिओडोर श्वान यांनी जठररसातलं पेप्सिन शोधलं. मांस, अंडी, डाळी यांतली प्रथिनं तोडणारी ही कात्री. या कात्रीचं नाव लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीतली खरी खलनायिका तीच असण्याची शक्यता आहे.

जठराला या जहाल रसापासून वाचवणारं अस्तर असतं. अन्ननलिकेला तसं नसतं. १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे आशर विंकेलस्टाइन यांनी मांडलं, की जठररस वर चढून अन्ननलिकेला सूज आणू शकतो. आज आपण सर्रास 'ॲसिडिटी' किंवा 'रिफ्लक्स' म्हणतो, त्याची आधुनिक सुरुवात इथली. म्हणजे वीतभर नळीतला खालचा भाग आता ओळखीचा झाला. वरचा टप्पा तेवढा राहिला.

तो का राहिला, हे आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही चटकन कळेल. मोठ्या सिस्टीममध्ये दोष डेटाबेसमध्ये असतो आणि दिसतो स्क्रीनवर. स्क्रीनवाली टीम म्हणते आमच्याकडे सगळं ठीक आहे, डेटाबेसवाली म्हणते आमच्याकडे कुणी तक्रारच केली नाही. तिकीट या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं. तसंच पोटाचा डॉक्टर नळीत खालून पाहत होता, घशाचा डॉक्टर वरून, आणि मधला रुग्ण खाकरत होता.

१९६८ : दुवा जुळला

अमेरिकेत शेव्हेलियर जॅक्सन हे घशाचे मोठे डॉक्टर होऊन गेले. त्यांनी १९२८ मध्ये स्वरयंत्राच्या मागच्या भागात होणाऱ्या एका जखमेचं वर्णन केलं, 'कॉन्टॅक्ट अल्सर'. बोलताना तिथल्या दोन कूर्चा एकमेकींवर आपटतात, म्हणून जखम होते, असा त्यांचा तर्क. हा तर्क अगदी चुकीचा नव्हता, पण काही रुग्ण महिनोन् महिने मौन पाळूनही बरे होत नसत.

१९६८ साली चेरी आणि मार्ग्युलिस या दोघांनी असे न बरे होणारे रुग्ण घेतले आणि घशाऐवजी त्यांच्या अन्ननलिकेकडे पाहिलं. तिथे रिफ्लक्स सापडला. उपचार ऐकाल तर हसाल. रात्री अँटासिड, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच. जखमा भरून आल्या! त्याच वर्षी डेलाहंटी आणि चेरी यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. एका स्वरतंतूला जठररस लावत राहिले, दुसऱ्याला नुसती लाळ. लाळेच्या बाजूला काही झालं नाही, जठररसाच्या बाजूला गाठ उठली. तपासाच्या भाषेत सांगायचं, तर संशयित पहिल्यांदाच घटनास्थळी सापडला.

जळजळ नसलेली ॲसिडिटी

तरीही एक अडचण होती. आवाज बसलेल्या कित्येक लोकांना छातीत जळजळ होतच नसे. मग त्यांना रिफ्लक्स आहे असं कसं म्हणायचं? १९७४ मध्ये जॉन्सन आणि डीमीस्टर यांनी नाकातून बारीक नळी घालून अन्ननलिकेतलं आम्ल चोवीस तास मोजण्याची पद्धत बसवली. नॉर्थ कॅरोलायनाच्या घशाच्या डॉक्टर जेमी काउफमन यांनी ही पद्धत वरपर्यंत, घशापर्यंत नेली आणि १९९१ मध्ये २२५ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्याहून कमी लोकांना छातीत जळजळ किंवा घशाशी येणं असा त्रास होता. बाकीच्यांना नुसता घोगरा आवाज, खोकला, खाकरणं, घशात गोळा. म्हणून याला 'मूक रिफ्लक्स' असंही नाव पडलं.

असं का होतं? अन्ननलिका आलेलं आम्ल पुन्हा खाली ढकलते, वरून लाळ येऊन ते धुऊन टाकते. अधूनमधून आलेलं आम्ल ती सहन करते. स्वरयंत्राला ही सोय नाही. तिथली त्वचा नाजूक, आणि तिला थोडंसंही पुरतं. पुढे निकी जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की आपली ती कात्री, पेप्सिन, स्वरयंत्राच्या पेशींमध्ये सापडते. ती आम्ल नसताना झोपून राहते, पूर्णपणे निकामी होत नाही. पुन्हा आम्ल मिळालं की पुन्हा चालू. म्हणजे सर्व्हरवर कुणीतरी विसरलेला प्रोसेस म्हणा ना, नुसता निवांत पडलेला, पण मेलेला नव्हे.

२००२ मध्ये बेलाफ्स्की, पोस्टमा आणि काउफमन यांनी नऊ प्रश्नांची एक सोपी यादी केली. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ४५. तेरापेक्षा जास्त झाले तर शंका घ्यायची. त्या नऊ प्रश्नांत छातीतल्या जळजळीला जागा फक्त एका प्रश्नात, तीही सर्वांत शेवटी.

आणि मग ताळेबंद चुकला

इथवरची गोष्ट ऐकून वाटतं, की प्रश्न सुटला. १९८८ पासून ओमेप्रॅझोल बाजारात आलं होतं. आम्ल बनवणारा पंपच बंद करणारी ही गोळी. मग आवाज बसला की द्या गोळी! जगभर तसंच झालं. आपल्याकडे तर भारतातून परतताना बॅगेत मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीइतक्याच हक्काने या गोळ्यांच्या स्ट्रिप असतात.

पण काटेकोर चाचणी झाली तेव्हा चित्र वेगळं निघालं. २००६ मध्ये अमेरिकेत वेझी आणि सहकाऱ्यांनी १४५ रुग्णांवर सोळा आठवडे तुलना केली. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना खरी गोळी, बाकीच्यांना खोटी. दोन्ही गटांत फरक नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ३४६ रुग्णांवर असाच अभ्यास झाला. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि सारखंच बरं वाटलं!

याचा अर्थ रिफ्लक्सचा घशाशी संबंधच नाही असा होत नाही. गोळी आम्ल कमी करते, पण वर उसळणं थांबवत नाही, आणि पेप्सिनही वर येतच राहतं, हे एक उत्तर. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. घोगरा आवाज, खाकरणं, घशात गोळा ही लक्षणं ॲलर्जीची, धुळीची, आवाजाच्या अतिवापराची, तंबाखूचीही असतात. म्हणजे १९६८ पूर्वी डॉक्टर रिफ्लक्सकडे पाहतच नव्हते, आणि २००० नंतर ते जिकडेतिकडे रिफ्लक्सच पाहू लागले. दोन्ही टोकं चुकीची.

हा घोळ निस्तरण्याच्या खटपटीत आमच्या देशाचंही नाव आलं, हे वाचून मला खरंच बरं वाटलं. मी राहतो ते मोहम्मद बिन झायद सिटी अबू धाबीच्या मुख्य भूमीवर. तिथून गाडीने तासा-सव्वा तासावरच्या दुबईत जानेवारी २०२३ मध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञांचं जागतिक संमेलन झालं. त्याच वर्षाअखेर अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून या विकाराची एक सर्वमान्य व्याख्या प्रसिद्ध केली. तिचं नावच 'दुबई व्याख्या'. तिचा सारांश असा, की वर येणारं आम्लच असायला हवं असं नाही, सौम्य किंवा अजिबात आम्ल नसलेला रसही त्रास देतो. लक्षणं एकट्या या रोगाची खूण नाहीत. आणि खात्री करायची असेल तर घशापर्यंत मोजणारी चोवीस तासांची तपासणी आहे. वीतभर अंतर शेवटी आमच्या शेजारच्या शहरात अधिकृतपणे मोजलं गेलं म्हणायचं!

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

इतिहास नुसता वाचायला नसतो. आखाती देशातलं आपलं रोजचं आयुष्य पाहा. ऑफिसहून यायला उशीर, मग मुलांचा अभ्यास, जेवायला रात्रीचे दहा. सुट्टीच्या आदल्या रात्री शावरमा आणि त्यावर कडक करक चहा. जेवलं की एसी लावून आडवं. शिवाय वाळूची धूळ आणि एसीची कोरडी हवा. गणपतीत आरत्या आणि नाटकाच्या तालमी आल्या की घसा बसतोच. आपण म्हणतो, 'हवामान बाधलं.'

इथे आपल्या जुन्या सवयी पुन्हा आठवतात. जेवणानंतर शतपावली, आणि दुपारी वामकुक्षी, म्हणजे डाव्या कुशीवर थोडं पडणं. डाव्या कुशीवर असताना जठर अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतं आणि वर आलेलं आम्ल लवकर खाली उतरतं. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी झोपेतल्या लोकांवर मोजमाप करून हे दाखवलं आहे. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, कमी तळकट, घट्ट पट्टा सैल, पलंगाचं उशाकडचं टोक उंच, या गोष्टींना पैसे पडत नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मुख्यतः भाजी, फळं, डाळी, धान्य असा आहार घेणाऱ्या रुग्णांना गोळ्या घेणाऱ्यांइतकाच आराम पडलेला दिसला. वरण-भात-भाजीचं ताट तसं फार लांब नाही, फक्त वरची तुपाची धार जरा बारीक ठेवावी लागेल.

पण सर्वांत महत्त्वाचं शेवटी. फ्रेडरिकची गोष्ट आठवा. रिफ्लक्समुळे स्वरयंत्राचा कॅन्सर होतो का, हा प्रश्न १९८८ मध्ये वॉर्ड आणि हॅन्सन यांनी मांडला, आणि त्यावर अजून वाद आहे. तंबाखू आणि दारू यांच्याबद्दल मात्र वाद नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी आपल्या ओळखीत कुणी ना कुणी तोंडात काही धरणारं किंवा सिगरेट ओढणारं असतंच. अशा माणसाचा आवाज बसला आणि तो 'ॲसिडिटी असेल' म्हणून चार महिने गोळ्या खात राहिला, तर या सगळ्या शोधांचा उलटा उपयोग झाला. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, नुसता आवाज बसला म्हणून रिफ्लक्सची गोळी देऊ नये. तीन-चार आठवडे आवाज सुधारला नाही, तर घशात कॅमेरा घालून पाहून घ्यावं. दहा मिनिटांचं काम असतं. गिळताना दुखत असेल, मानेत गाठ लागत असेल, थुंकीत रक्त असेल, तर तेवढंही थांबू नये. आणि गावाकडच्या काकांना, मामांना फोनवर हे सांगावं. आपण इथून त्यांच्यासाठी पुष्कळ काही पाठवतो, त्यात एवढा एक निरोप स्वस्तातला आहे.

गार्सियांनी आरशात स्वतःचा गळा पाहिला त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. आज तो आरसा प्रत्येक मोठ्या दवाखान्यात आहे. पाहून घ्यायला आपणच उशीर करू नये, इतकंच.

तेव्हा मंडळी, चकली, चिवडा, अनारसे यांचा समाचार घ्याच, पण संध्याकाळी लवकर, आणि नंतर कॉलनीला एक फेरी मारून. म्हणजे पाडव्याच्या पहाटे मंडळाच्या कार्यक्रमात आपले सगळ्यांचे सूर जागेवर लागतील. शुभ दीपावली!